अर्ध्या दिव्यांची गाडी

भाडेकरूची न्हाणी पाडून तिथं एसटीची गाडी उभी करणारा घरमालक अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. मी पेणची. रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, रोजची ये-जा नको म्हणून तिथंच खोली बघितली. खोली हवेशीर, पाणी भरपूर आणि अंगणाच्या कडेला माझ्यापुरती स्वतंत्र न्हाणी. त्या न्हाणीवर भाळूनच मी खोली घेतली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा जीव का जळला ते कळेल.

घरमालक एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. सगळं गाव त्यांना कंडक्टरच म्हणायचं, बायकोसुद्धा. मी काका म्हणायचे. खोली बघायला गेले तेव्हा किती दिवस राहणार वगैरे काही नाही, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुठपर्यंत?" मी गडबडले. मग काकी आतून म्हणाल्या की वर्षभर राहणार का असं विचारतोय तो. मी हो म्हटलं. काकांनी मान हलवली आणि खोलीचं दार उघडून बाजूला उभे राहिले, माझ्यामागून अजून कोणी चढणार असल्यासारखे.

माणूस उंच, काटकुळा, सत्तरी ओलांडलेला, पण चाल अशी की रस्ता हलतोय आणि तोल आपण सांभाळायचाय. आवाज खणखणीत. बोलायचे कमी. पण एक वाक्य दिवसातून कितीतरी वेळा यायचं: "थांबा, कोणीतरी येतंय."

ह्या वाक्यानं लोकांच्या नाकी नऊ आणले होते. लग्नात शेवटची मंगलाष्टका सुरू झाली की काका मांडवात उभे राहून भटजींना हात करायचे. कारण काय, तर लांब रस्त्याच्या कडेला कोणीतरी मोटारसायकल लावत असायचा. भटजी बिचारे मुहूर्ताकडे बघायचे आणि काकांकडे बघायचे. रोह्यातले जुने भटजी तर मुहूर्त दोन मिनिटं अलीकडचा सांगायला लागले होते म्हणतात. घरी जेवायला बसायचं तर सगळे आल्याशिवाय पान वाढायचं नाही, आणि त्या सगळ्यांत त्यांनी मलाही धरलेलं. माझा डबा वेगळा, माझी चूल वेगळी, त्यांच्या स्वयंपाकघराशी माझा काडीचा संबंध नाही. तरी मी कंपनीतून येईपर्यंत भात निवत पडायचा. एकदा काकींनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "गो, तू जरा वेळेवर येत जा. न्हायतर हा माणूस मला उपाशी मारंल."

माझ्या स्कूटीवर मागे बसवायची तर त्यांना सोयच नव्हती. रस्त्याच्या कडेला कोणी हात वर केला की माझ्या खांद्यावर दोनदा थाप पडायची, म्हणजे थांब. अहो, तो माणूस रिक्षाला हात करतोय, आपल्याला नाही. ते मला पटायचं, त्यांना नाही. "हात केलाय ना त्यानं, मग विचार की," म्हणायचे. मी तिथं राहिले त्या तीन वर्षांत स्कूटी थांबवून किती अनोळखी लोकांना उगाच "काय पाहिजे?" म्हणून विचारलंय, त्याला सुमार नाही.

नोकरीत असताना त्यांची गाडी कधी वेळेवर सुटली नाही. हात दाखवला की गाडी थांबवायची, असा नियम सरकारनं पुढं कधीतरी काढला. ह्यांनी तो स्वतःपुरता आधीच लागू केलेला. शेताच्या बांधावरून कोणी धावत येताना दिसलं की घंटीची दोरी एकदा ओढायची आणि गाडी उभी. साहेबांनी मेमो दिले, बदलीचा धाक घातला, शेवटी हात टेकले. गाडीतले लोक तोंडावर शिव्या द्यायचे. काका म्हणायचे, शिव्या काय, आंघोळ केली की जातात.

ह्या सगळ्याचं मूळ त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, पायरीवर बसून, काही आडपडदा न ठेवता.

एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा काका नुकते नोकरीला लागलेले. रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावलं आणि इकडच्या गावागावांतून त्यांना गोळा करून पनवेलला आगगाडीवर सोडायला एक एसटी काढली. रोह्याहून निघायची, नागोठणं, पेण करत पुढं. कंडक्टर हे. ब्लॅकआऊट होता, म्हणून गाडीचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. नागोठण्याच्या अलीकडं खाडीकडच्या एका गावच्या फाट्यावर एक जवान चढला आणि म्हणाला, दोन मिनिटं थांबा, बायको माहेरी गेलीय, निरोप धाडलाय, येतेच आहे. सांज झालेली. पुढं आगगाडी गाठायची होती. काकांनी घड्याळ बघितलं आणि डबल घंटी मारली. गाडी निघाली. ती बाई तेव्हा सडकेनं धावत समोरून येत होती. तिनं अंधारात गाडीला हात केला. ड्रायव्हरला त्या अर्ध्या दिव्यांत ती दिसली नाही आणि काकांना तर आतून दिसायचा प्रश्नच नव्हता. गाडी तिच्या अगदी जवळून पुढे निघून गेली. जवान लढाईवरून परत आला नाही. हात केलेला काकांना कळला तोसुद्धा नंतर, गावच्या लोकांकडून.

"घंटी मी मारली, बाय," ते म्हणाले. "ड्रायव्हर घंटीशिवाय गाडी हलवत नाय."

ती बाई म्हणजे यमुनाबाई. सासू-सासऱ्यांचं करत, भात आणि वाल पिकवत तिथंच राहिली. काका दरवर्षी दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन तिच्या दारी जायचे. ती ह्यांच्याशी बोलायची नाही, पाणी विचारायची नाही, पानं हातात घ्यायची नाही. हे पानं ओट्यावर ठेवून परत यायचे. पन्नास वर्षं हेच. काकी म्हणायच्या, दुसरा असता तर कधीच सोडलं असतं, पण आमचं ध्यान निराळं.

तर अशा माणसाला ती गाडी सापडली. पेणपलीकडच्या जिते गावी काका कोणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. जेवून हात धुवायला मागच्या अंगाला गेले तर तिथं झाडाखाली एका जुन्या एसटीचा सांगाडा, इंजिन नाही, आत पेंढा भरलेला. काका आत शिरले. कंडक्टरच्या बाकाजवळची खिडकी निसटायची म्हणून त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी बाभळीची खुंटी ठोकली होती, ती तशीच होती. मग ते पुढं जाऊन दिव्यांजवळ बसले. काचेच्या कडेला काळा रंग थोडा थोडा शिल्लक होता. साखरपुड्याची माणसं निघाली तरी हे तिथंच बसलेले. सांगाड्याच्या मालकाला ते धूड भंगारात द्यायचं होतं, पुढच्याच आठवड्यात माणूस येणार होता.

रोह्याला आले ते सरळ काकींना सांगून मोकळे झाले की ती गाडी आपण आणणार. लढाईवरनं आलेले रणगाडे, तोफा चौकाचौकात ठेवतात, मग आमची पोरं ज्या गाडीतनं गेली ती भंगारात का? गेलेली आणि परत आलेली, सगळ्यांची आठवण म्हणून ती उभी राहील. आणि मला एकटीला म्हणाले, "जवान मला परत आणता नाय आला. गाडी तरी आणतो. यमुनावहिनीनं एकदा तिच्यात चढावं, एवढंच. मग मी मेलो तरी चालंल."

मालकाला पेंढा ठेवायला पत्र्याची शेड घालून दिली आणि गाडी सोडवली. आता ठेवायची कुठं? नगरपालिकेत गेले, पंचायतीत गेले, सगळ्यांनी कल्पना फार छान म्हटलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. चार महिने हेच. मग एका रविवारी सकाळी मी टॉवेल घेऊन बाहेर येते तर दोन गडी माझ्या न्हाणीवर घण घालतायत. कुंपणाची भिंत आधीच आडवी झालेली. काकींची कडीपत्त्याची झाडं मुळासकट बाजूला ठेवलेली.

मी भांडले. सांगायला लाज कसली, चांगली कडाकडा भांडले. भाडं घेता, न्हाणी पाडता, हा काय कारभार आहे म्हटलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, गाडीची लांबी मोजली, तेवढीच जागा निघते. तू आमच्या न्हाणीत आंघोळ कर, पहिला नंबर तुझा. काकी मागून हळूच म्हणाल्या, भांड गो भांड, माझ्या वाटणीचं पण भांड. पण कडीपत्ता त्यांनी स्वतःच परसात नेऊन लावला. मी खोली सोडते असं जाहीर करून महिनाभर रुसून बसले, मग कधी त्या गाडीच्या कामात पडले ते मलाच कळलं नाही.

कारण गाडी जित्याहून रोह्याला यायची म्हणजे वाटेत पेण, आणि पेणला माझ्या दादाचा गणपतीचा कारखाना. गणपती होऊन गेले की कारखान्यात जरा सुस्ती असते. दादा म्हणाला, आणा इकडं, पत्रा ठोकून घेऊ, रंग आमचे कारागीर मारतील, त्यात काय. क्रेनवाल्यानं गाडी कारखान्याच्या आवारात आणून सोडली. काका रोज पहिल्या गाडीनं पेणला जायचे, दिवसभर गंज खरवडायचे. आमचे कारागीर त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि पाठ फिरली की त्यांच्या चालीची नक्कल करायचे. मग काकांना ताप भरला आणि आठवडाभर अंथरूण धरावं लागलं.

बरे होऊन ते पेणला निघाले तेव्हा मी रजा टाकून बरोबर गेले. आवारात शिरलो आणि मी कपाळावर हात मारला.

गाडी लाल होती, ते ठीक. पण लाल कसला, मुकुटाला मारतात तसा चकाकणारा. खिडक्यांना सोनेरी किनार. हेही खपलं असतं. पण दिव्यांच्या काचा घासून लख्ख केलेल्या आणि त्यांच्यावर डोळे काढलेले. साधे नाहीत हो. आमच्या थोरल्या कारागिरानं आयुष्यभराची कमाई त्यात ओतलेली. अर्धे मिटलेले, पापण्यांना गुलाबी छटा, बुबुळात पांढरा ठिपका. ती एसटी आमच्याकडे अशा मायेनं बघत होती की आता उजवा हात वर करून आशीर्वाद देईल की काय. कारागीर हात पुसत पुढं आला. आमच्याकडं डोळ्यांची आखणी केल्याशिवाय काम बाहेर जात नाही, म्हणाला. पेणच्या माणसाला डोळ्यांशिवाय मूर्ती अर्धी वाटते, त्याला बिचाऱ्याला गाडीही तशीच वाटली.

काळ्या रंगाचा मागमूस राहिला नव्हता. दादाच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता काका कोसळतात. ते बराच वेळ त्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मग कारागिराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हात देवाचा हाय तुझा. पण ही गाडी कोणाकडं बघत नव्हती रे. आंधळ्यासारखी गेली ती." आणि टर्पेंटाइन मागून घेतलं. कारागिरानं त्यांच्या हातातून चिंधी काढून घेतली आणि स्वतः काढलेले डोळे स्वतःच पुसले. पुसताना रडत होता.

आता प्रश्न आला की दिवे पूर्वीसारखे रंगवायचे तरी कसे. रोह्याचे दोघं म्हातारे माजी सैनिक त्याच गाडीतून गेले होते, त्यांना विचारलं. एक सुभेदार होते, ते म्हणाले, वरचा अर्धा काळा. दुसरे नाईक होते, ते म्हणाले, छे, सगळाच काळा, मधे फक्त चीर. दोघं हमरीतुमरीवर आले. एकमेकांच्या घरी चहा प्यायचे बंद झाले. मी काकांना म्हटलं, तुम्ही कंडक्टर होता ना, तुम्हाला नाही आठवत? ते म्हणाले, मी आत होतो, बाय. आम्ही सगळे आत होतो. पुढून कोणी बघितली ती? आणि चुकीचं रंगवायचं तर मग डोळे काय वाईट होते, असं म्हणून दिवे तसेच ठेवले.

गाडी रोह्याला आली, माझ्या न्हाणीच्या जागेवर चढली. आमदारांनी रविवारची वेळ दिली. त्याआधी काका मला घेऊन यमुनाबाईंकडे गेले. स्कूटीवरून जाताना वाटेत कितीतरी लोकांनी हात केले असतील, त्या दिवशी माझ्या खांद्यावर एकदाही थाप पडली नाही.

यमुनाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. लहान चणीची, घट्ट बाई. काका अंगणातच थांबले, चप्पल न काढता. बोलायचं सगळं माझ्यावर आलं. मी आमंत्रण दिलं. त्यांनी मान वर केली नाही. काय बोलावं सुचेना, म्हणून मी हसू आणायला त्या डोळ्यांची गोष्ट सांगितली, मग सुभेदार आणि नाईकांचं भांडण सांगितलं. वरचा अर्धा काळा की सगळा काळा, म्हटलं, अजून निकाल नाही.

त्यांचे हात थांबले. "दोघंबी येडे हायत," त्या मला म्हणाल्या. "दोन दिवे दोन तऱ्हेचे व्हते. माझ्या अंगावरनं गेलेत ते, मला ठावं हाय."

कसे होते विचारलं तर म्हणाल्या, तोंडानं सांगून तुम्ही परत चुकाल. मी येऊन दाखवते. आणि अंगणाकडे न बघता, पण ऐकू जाईल अशा आवाजात, पुढं म्हणाल्या की ह्याच्यासाठी नाय येत मी, ते दिवे चुकायला नकोत म्हणून येते. काका वळले आणि स्कूटीजवळ जाऊन उभे राहिले. परतताना माझ्या मागे बसून तो माणूस हुंदके देत होता आणि मी समोरचा रस्ता कसा बघितला ते मलाच माहीत.

रविवारी यमुनाबाई सकाळच्या एसटीनं एकट्या आल्या. अंगणात मांडव, खुर्च्या, फुलांची तोरणं. दोन्ही म्हातारे सैनिक पदकं लावून दोन टोकांना बसलेले. यमुनाबाई कोणाशी न बोलता थेट गाडीच्या तोंडासमोर गेल्या. मी काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश पुढं केला. ब्रश त्यांनी घेतला नाही. दोन बोटं डब्यात बुडवली आणि उजव्या दिव्याचा वरचा अर्धा भाग रंगवला. मग डाव्याकडे आल्या. तो जवळजवळ सगळा काळा केला, खाली फक्त बोटभर काच ठेवली, तीही वाकडी. मागं होऊन बघितलं, परत पुढं होऊन ती काच आणखी जराशी झाकली. सुभेदार आणि नाईक उठून जवळ आले होते. दोघांनाही आपापला दिवा मिळाला होता.

यमुनाबाईंनी बोटं बंपरला पुसली. गाडीच्या कडेनं दारापर्यंत गेल्या आणि आत बघत उभ्या राहिल्या. मग पन्नास वर्षांत पहिल्यांदा काकांना त्यांनी विचारलं,

"कुठं बसला व्हता?"

काका दोन पावलं मागं उभे होते. "बसला नव्हता, वहिनी," ते म्हणाले. "इथं दारात उभा होता. जागा होती, सगळ्यांनी बस म्हटलं, नाय बसला. तू नेहमी बांधावरनं येतेस म्हणाला. तिकडं मागं बघत होता."

"मी सडकेनं आले त्या दिशी."

"व्हय."

"मी हात केला तवा?"

"तवाबी तोंड मागंच होतं त्याचं. पनवेलपर्यंत उभ्यानंच गेला."

यमुनाबाईंनी दाराचा गज धरला. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"मला वाटलं, त्यानं मला बघितलान आणि तसाच गेला."

मला तिथं उभं राहवेना. एवढी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की तिचा राग घंटीवर आहे. काकासुद्धा तेच समजत होते. त्यांनी हात पुढं केला. ती तो हात धरून पायरी चढली.

आमदार आले, फीत कापली. पहिल्या रांगेत यमुनाबाईंसाठी खुर्ची ठेवली होती, हार होता, शाल होती. त्या खाली उतरेनात. दाराच्या गजाला धरून उभ्या, तोंड मागे, नागोठण्याच्या रस्त्याकडे. सूत्रसंचालन करणारा दोनदा येऊन विनवून गेला. आमदारही म्हणाले, आजी, बसून घ्या, पाय दुखतील. काका मधे पडले. तिला राहू द्या तिथंच, तुम्ही आपलं सुरू करा, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतः दाराखाली जाऊन उभे राहिले. भाषणं लांबली, ऊन मांडवात आलं, चहा झाला, माणसं पांगली, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले. यमुनाबाई दारात उभ्याच होत्या.